उलटल्यावर न उठणारी होडी

१६ ऑक्टोबर २०१२ ची दुपार. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात वारा चढला होता आणि ओहोटीला जोर होता. ओरॅकल टीम यूएसए या संघाची नवीकोरी शर्यतीची बोट सरावाला निघाली होती. लांबी ७२ फूट, रुंदी १४ मीटर आणि वर ४० मीटर उंचीचं शीड. बारा-तेरा मजली इमारत पाण्यावर उभी करून पळवायची, असाच तो प्रकार. वाऱ्याला तिरकं छेदत वर चढणारी ही बोट सुकाणूवर बसलेल्या जिमी स्पिटहिलने वळवली आणि वारा पाठीशी घ्यायला सुरुवात केली. त्या वळणात तिची पुढची टोकं पाण्यात घुसली, मागची बाजू आभाळाकडे उठली आणि बोट पुढच्या पुढे कोलांटी खाऊन आडवी झाली.

माणसं वाचली. बोटीला मात्र ओहोटीने धरलं आणि गोल्डन गेट पुलाखालून थेट खुल्या समुद्रात ओढून नेलं. मदतीच्या बोटी दोर लावून तिला मागे खेचायला झगडत होत्या, तोवर त्या उंच शिडाचा चुरा होऊन तुकडे लाटांवर तरंगू लागले. अमेरिकेतल्या एका अतिश्रीमंत उद्योगपतीचा पैसा, जगातले निवडक अभियंते आणि पट्टीचे दर्यावर्दी पाठीशी असलेली बोट एका वळणात गेली.

अशा अपघातावर सगळे लगेच विचारतात, चूक कोणाची? मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: ही होडी मुळात अशी का, की एकदा उलटली की पुन्हा उठतच नाही? त्याचं उत्तर तिच्या वेगातच आहे. ज्या गोष्टींमुळे ती पळते, त्याच गोष्टींमुळे ती उलटते आणि उलटीच राहते. वेग आणि धोका इथे वेगळे काढताच येत नाहीत.

कॅटामरान हा शब्द आपल्या शेजारचा. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मच्छीमार ओंडके दोराने बांधून जो तराफा समुद्रात घालायचे, तो कट्टुमरम. युरोपियन खलाशांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो भलत्याच रचनेला चिकटवला, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेल्या दोन निमुळत्या होड्यांना. ही जोडहोडीची रचना मुळात पॉलिनेशियाच्या लोकांची. अशाच जोडहोड्यांमधून त्यांनी हवाईपासून न्यूझीलंडपर्यंतची बेटं गाठली.

त्यामागचं तत्त्व कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मालवणकडच्या किनाऱ्यावर होडीच्या एका अंगाला दोन वाकडे दांडे बाहेर काढून त्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा तरंगणारा ओंडका बांधलेला दिसतो. ती उलांडी. अरुंद होडी पाणी सहज कापते, पण तेवढ्याच सहज कलंडते. उलांडी तिला दूरवर हात टेकायला देते. टेकायची जागा जितकी लांब, तितका तोल भक्कम. कॅटामरानमध्ये उलांडीच्या जागी दुसरी पूर्ण होडीच आहे, एवढाच फरक.

एकच अंग असलेली शिडाची बोट तोल सांभाळते ती तळाशी लावलेल्या वजनाने. तिच्या पोटाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो. बोट जितकी कलंडेल, तितका तो कणा बाजूला वर येतो आणि तितक्याच जोराने तिला परत सरळ ओढतो. २०१८ साली गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 'थुरिया' हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात पूर्ण गडगडली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली, पण बोट पुन्हा सरळ झाली. बिछान्यावर पडून मदतीची वाट पाहायला त्यांच्या डोक्यावर छप्पर राहिलं, ते त्या कण्यामुळे.

कॅटामरानला असा कणा नसतो. तिचा सगळा आधार रुंदीचा. १४ मीटर रुंद आणि सहा टनांच्या आसपास वजनाची बोट घ्या. वाऱ्याने तिला लोटलं की वाऱ्याकडची होडी पाण्यातून सुटायला बघते आणि त्या क्षणी सगळं वजन पाण्यातल्या होडीपासून जवळजवळ सात मीटर अंतरावरून तिला खाली दाबत असतं. तरफ भरपूर लांब, म्हणून ताकद जबरदस्त. पण ही ताकद त्या एका क्षणीच सर्वांत जास्त असते. वरची होडी आणखी उचलली गेली की तरफ आखूड व्हायला लागते आणि तोल सावरणारी शक्ती घटत जाते. कण्याची बोट कलंडताना अधिकाधिक विरोध करते, तर कॅटामरान ठरावीक कोनापुढे स्वतःच उलटण्याच्या बाजूने जाते. आणि पूर्ण पालथी झाली की तीच रुंदी तिला पालथी धरून ठेवते. सरळ असताना ती जितकी स्थिर, जवळजवळ तितकीच उलटी असताना.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने आहे. शिसंच नसल्यामुळे ती सहसा बुडत नाही. १९८९ मध्ये न्यूझीलंडजवळ 'रोज-नोएल' नावाची तीन अंगांची बोट उलटली आणि तिच्या पालथ्या सांगाड्यावर चार माणसं ११९ दिवस तरंगत राहिली. शेवटी प्रवाहाने त्यांना ग्रेट बॅरियर बेटाच्या किनाऱ्याला लावलं आणि चौघंही जिवंत होते. सागरी प्रवासाच्या अनेक कॅटामरानांना तळात बाहेर पडायचं दार ठेवतात, ते याच हिशेबाने. तळाला दार ठेवायचं, कारण एखाद्या दिवशी तळ वर येईल.

पश्चिमेकडच्या शर्यतींच्या जगाने या रचनेला बराच काळ दारातच उभं केलं. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनिएल हेरशॉफ हा तरुण जहाजबांधणीकार 'अ‍ॅमॅरिलिस' नावाची जोडहोडी घेऊन उतरला आणि नावाजलेल्या बोटींना त्याने मागे टाकलं. हरलेल्यांनी तक्रार केली, अ‍ॅमॅरिलिस बाद ठरली आणि असल्या बोटींना शर्यतीत थारा मिळेना. हेरशॉफ पुढे एकअंगी बोटींकडे वळला आणि अमेरिका कप ही शिडाच्या बोटींची नामांकित स्पर्धा जिंकणाऱ्या एकामागून एक बोटी त्याने बांधल्या. त्याच अमेरिका कपात १९८८ साली डेनिस कॉनरने कॅटामरान आणली, तेव्हा भांडण न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. पुढे २०१३ च्या स्पर्धेसाठी संयोजकांनी स्वतःच ७२ फुटी कॅटामरान ठरवल्या. सॅन फ्रान्सिस्कोत उलटलेली बोट त्यातलीच.

आता वेगाबद्दल. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा पटत नाही ती गोष्ट अशी: या बोटी वाऱ्यापेक्षा वेगाने पळतात, आणि थोड्याथोडक्या फरकाने नाही, दुपटीहून जास्त. वारा २० नॉट असताना बोट ४० च्या वर. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वाऱ्यावर चालणारी वस्तू वाऱ्यालाच मागे कशी टाकते?

वारा पडलेल्या दिवशी मोटारसायकल काढा. उभं असताना पानही हलत नाही आणि ६० च्या वेगाला शर्ट फडफडायला लागतो. तो वारा तुम्ही स्वतः निर्माण केलेला असतो. बोटीला जो वारा लागतो, तो खरा वारा आणि तिच्या धावण्यातून झालेला वारा यांची बेरीज. वाऱ्याला आडवी धावणारी बोट जितकी जोरात जाते, तितका तिला लागणारा वारा वाढतो. वाढलेला वारा तिला आणखी जोरात पळवतो आणि मग वारा आणखी वाढतो. हा फेरा थांबवतं ते पाणी, त्याचा विरोध. म्हणजे पाण्याचा विरोध कमी केला की वेगाला लगाम उरत नाही. निमुळत्या दोन होड्यांनी तो थोडा कमी होतो. होडी पाण्यातून पूर्णच उचलली तर?

न्यूझीलंडच्या संघाने २०१२ मध्ये नेमकं तेच केलं. आधी छोट्या कॅटामरानांवर गुपचूप प्रयोग झाले आणि मग त्यांची ७२ फुटी बोट पाण्यापासून वर उठून धावताना जगाने पाहिली. खाली आधार होता तो इंग्रजी 'एल'च्या आकाराचा कार्बन फायबरचा एक पंख आणि मागे सुकाणूला जोडलेला छोटा आडवा पंख. अशा पंखाला फॉइल म्हणतात. हवेत विमानाचा पंख जे करतो, तेच पाण्यात फॉइल करतं. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून घट्ट, त्यामुळे एवढासा पंख काही टनांची बोट उचलून धरतो. नियम करणाऱ्यांच्या मनात उडणाऱ्या बोटी नव्हत्याच. हे पाहिल्यावर इतर संघांनाही उडायला शिकावंच लागलं.

शीडही तोवर शीड उरलेलं नव्हतं. कापडाऐवजी उभा केलेला विमानाचा पंखच, कार्बनच्या सांगाड्यावर ताणलेल्या पातळ पडद्याचा. हा ताठ पंख कापडी शिडापेक्षा किती तरी प्रभावी, पण वादळ आलं म्हणून खाली उतरवता येत नाही. कोकणातला तांडेल वारा चढला की शीड आखूड करतो किंवा सरळ उतरवतो. इथे तो पर्याय नाही. रोज संध्याकाळी क्रेन लावून पंख बोटीवरून काढायचा आणि सकाळी क्रेननेच चढवायचा. बोट पाण्यात आहे तोवर तो वाऱ्याला समोरा जाणार, बोट थांबलेली असली तरी.

आता सुरुवातीच्या त्या वळणाकडे येऊ. वाऱ्याला छेदत जाताना शिडाचा बराचसा जोर बोटीला बाजूला लोटतो आणि थोडाच पुढे नेतो. बोट वाऱ्यापासून वळायला लागली की तोच जोर हळूहळू पुढच्या दिशेला फिरतो. मधे एक टप्पा असा येतो की जोर सगळ्यात जास्त असतो आणि तो बोटीच्या वरच्या भागाला पुढे ढकलत असतो. खाली पाणी मागे खेचतंय, वर वारा पुढे लोटतोय, मग पुढची टोकं खाली दबणारच. शीड सैल सोडून जोर कमी करावा तर या टप्प्यात तेही धड होत नाही. मागे फिरावं तर बोट बाजूला कलंडेल. सुटका एकाच बाजूला, वळण पूर्ण करून पलीकडे निघण्यात, आणि तीही वेग वाढवत. ओरॅकलची बोट याच टप्प्यात गेली. सात महिन्यांनी, ९ मे २०१३ रोजी त्याच पाण्यात स्वीडनच्या आर्टेमिस संघाची बोटही याच वळणात गेली. या खेपेला एक माणूस गेला.

त्याचं नाव अँड्र्यू सिम्पसन. मित्रांमध्ये तो 'बार्ट'. इंग्लंडचा, वय ३६. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये इयन पर्सीबरोबर त्याने शिडाच्या बोटींच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं होतं आणि २०१२ ला लंडनमध्ये रौप्य. पर्सीही त्या दिवशी त्याच बोटीवर होता. वळणात बोटीचा सांगाडा मोडला, ती उलटली आणि सिम्पसन मोडलेल्या भागांखाली पाण्यात अडकला. दहाएक मिनिटं तो सापडला नाही. शेवटी त्याला बाहेर काढून छातीवर दाब देत वाचवायची शर्थ झाली, पण तो गेला होता.

हे जवळून डोळ्यांपुढे आणायला हवं, नाहीतर 'अडकला' या एका शब्दात ते हरवतं. दोन होड्यांच्या मधे ताणलेली जाळी असते, तीवरूनच खलाशी इकडून तिकडे पळतात. बोट पालथी झाली की ती जाळी डोक्यावरचं झाकण होते. तिच्याखाली दोर, तारा, तुटलेल्या कार्बनच्या धारदार कडा आणि फाटलेल्या शिडाचे पडदे. पाणी थंडगार, अंगावर फुगलेलं जाकीट, आणि तेच जाकीट माणसाला वर जाळीला दाबून धरणार. वर कुठे आणि खाली कुठे, हे कळायलाच काही क्षण जातात. जे वरच्या होडीला लटकून राहतात त्यांच्यापुढे वेगळं संकट: बोट आडवी झाली की १४ मीटर रुंदी ही उंची होते. हात सुटला तर चार मजल्यांवरून पडल्यासारखं.

सिम्पसनच्या मृत्यूनंतर शर्यतीचे संचालक इयन मरे यांनी सुरक्षेच्या ३७ शिफारशी मांडल्या. शर्यतीसाठी वाऱ्याची मर्यादा ३३ नॉटवरून २३ वर आली. खलाशांच्या अंगावरचं संरक्षण वाढलं, स्वतंत्र श्वासाची सोय आणि पाणबुडे बरोबर ठेवणं आलं. हे आधीच का सुचलं नव्हतं, हा प्रश्न मला छळतो. ओरॅकलची बोट सात महिन्यांपूर्वीच उलटली होती आणि धोका सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होता. पण त्या दिवशी माणसं वाचली होती. सगळे वाचले की आपण अपघाताला नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो, आणि हे फक्त खेळापुरतंच खरं आहे असंही नाही.

आर्टेमिसने दुसरी बोट पाण्यात उतरवली आणि ते पुन्हा शर्यतीत आले. अंतिम लढत मात्र न्यूझीलंड आणि ओरॅकलमध्ये झाली. १४ सप्टेंबरला न्यूझीलंडची बोट वळताना ४५ अंशांच्या आसपास कलंडली. एका होडीवर उभी राहिलेली ती प्रचंड बोट क्षणभर तिथेच अडून राहिली आणि मग दाणकन परत पाण्यावर आली. कारण अगदी घरगुती म्हणावं असं. शिडाचा पंख फिरवायला तेलाचा दाब लागतो, तो दाब खलाशी हाताने हँडल फिरवून तयार करतात, आणि त्या वळणाला दाब कमी पडला. दंडांतली ताकद काही सेकंदांपुरती अपुरी पडली आणि काही टनांची बोट उलटण्याच्या काठावर गेली.

न्यूझीलंड ८-१ ने पुढे गेलं. एक विजय हवा होता. पण नव्या मर्यादेमुळे जोराच्या वाऱ्याचे दिवस रद्द होत गेले आणि एका मंद वाऱ्याच्या दिवशी न्यूझीलंड खूप पुढे असताना ४० मिनिटांची मुदत संपून शर्यतच बाद झाली. दरम्यान ओरॅकलने बोट सुधारली, सलग शर्यती जिंकल्या आणि २५ सप्टेंबरला ९-८ ने कप नेला. न्यूझीलंडमध्ये अजूनही यावर हळहळ आहे. तरीही २३ नॉटची ती मर्यादा योग्यच होती, असं मी ठामपणे म्हणेन.

२०१७ ला बर्म्युडात न्यूझीलंडने तेलाच्या दाबाचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला: हातांऐवजी पाय. बोटीवर सायकलचे पॅडल बसवले आणि खलाशी शर्यतभर सायकल मारत राहिले. ६ जूनला उपांत्य लढतीच्या एका शर्यतीत सुरुवातीलाच, पुन्हा त्याच वळणात, त्यांची बोट नाकावर गेली. तिघं पुढे फेकले जाऊन पाण्यात पडले, सायकलच्या खोबणीत बसलेले मागे वर लटकले. कोणाला गंभीर इजा झाली नाही. दोन दिवसांनी दुरुस्त बोट घेऊन ते परत उतरले, ती लढत जिंकली आणि महिनाअखेर कपही जिंकला. त्यानंतर अमेरिका कपाने कॅटामरान सोडून उडणाऱ्या एकअंगी बोटी घेतल्या.

कॅटामरानांचा वेग तिथे संपला नाही. ओरॅकल संघाला पैसा पुरवणारे उद्योगपती लॅरी एलिसन आणि दर्यावर्दी रसेल कूट्स यांनी सुरू केलेल्या सेल जीपी या स्पर्धेत २०१९ पासून एफ-५० नावाच्या १५ मीटर लांबीच्या उडत्या कॅटामरान धावतात. २०२२ मध्ये सेंट-ट्रोपेला फ्रान्सच्या संघाने ताशी ९९.९४ किलोमीटर गाठले. पुढे शंभराचा आकडा ओलांडला गेला आणि २०२५ मध्ये जर्मनीतल्या सासनित्झला डेन्मार्कच्या संघाने १०३.९३ ची नोंद केली.

शंभराच्या आसपासच ही चढाओढ अडखळते, याचं कारण पाण्यातच आहे. फॉइलच्या वरच्या अंगाला पाण्याचा दाब कमी होतो, त्यावरच बोट उचलली जाते. वेग खूप वाढला की तिथला दाब इतका घसरतो की थंडगार पाणी उकळतं. डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्याचंच हे टोक. वाफेचे बुडबुडे फॉइलला बिलगतात, पाण्याची पकड सुटते आणि उचलणारा जोर अचानक गळतो. हे साधारण ५० नॉटच्या पुढे सुरू होतं. पॉल लार्सन या ऑस्ट्रेलियन दर्यावर्द्याने बुडबुड्यांशी भांडणंच सोडलं. पाणी सुटणारच हे धरूनच त्याने पाचरीसारखं फॉइल केलं आणि २०१२ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर 'सेलरॉकेट २' या विचित्र आकाराच्या बोटीने ५०० मीटरवर सरासरी ६५.४५ नॉट गाठले. ती बोट एकाच दिशेला, सपाट पाण्यात धावण्यासाठी होती. एफ-५० ला वळायचं असतं, आणि शेजारी तेवढ्याच वेगाने धावणाऱ्या आणखी बोटी असतात.

एफ-५० वर एका खलाशाचं काम फक्त बोट किती उंच उडते हे राखण्याचं. हातात बटणं, नजर पुढच्या पाण्यावर. फॉइलचा कोन अंशाच्या छोट्या भागाने बदलत राहायचा. कोन कमी पडला तर होडी पाण्याला घासते आणि वेग मरतो. जास्त झाला तर बोट उंच उठते, फॉइलचं टोक पाण्याबाहेर येतं, हवा आत शिरते आणि आधार एकदम नाहीसा होतो. मग बोट आपटते. ९० च्या वेगाला बोट सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे डोळा मिटून उघडेपर्यंत तिने स्वतःच्या लांबीच्या निम्मं अंतर कापलेलं असतं. अशा वेळी ओरडून सूचना देण्यात अर्थ नसतो. हेल्मेटमधल्या माइकवर सहा जण अर्धवट शब्दांत बोलतात आणि वळण येण्याच्या कितीतरी आधी वळण ठरलेलं असतं.

त्यांच्या सरावाचा एक भाग बोटीवर होत नाही. तो तलावात होतो. माणसाला बोटीवरच्या पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट, पाण्याखाली उलटं धरतात. छातीवर हवेची छोटी नळकांडी असते, तिच्यात मिनिटा-दोन मिनिटांपुरता श्वास. शिकायचं ते इतकंच: आधी एका हाताने जवळची दांडी पकडायची आणि सोडायची नाही. मग दुसऱ्या हाताने चाचपत नळकांडीचं तोंड शोधून दातांत धरायचं, फुंकून त्यातलं पाणी काढायचं, आणि पहिला श्वास घेतल्यावरच बाहेर पडायची वाट शोधायची. डोळे मिटून हे करून दाखवावं लागतं, कारण पालथ्या बोटीखाली अंधार असतो.